गॅसलेस मिग वेल्डिंग मशीन: काकांच्या ७३ च्या जीपवर आठ महिने वापरल्यावर

पहिल्याच संध्याकाळी मी हे मशीन परत खोक्यात भरायला घेतलं होतं. अर्धा तास वेल्डिंग करून पत्र्यावर काय मिळालं तर कबुतरं बसून गेल्यासारखे गोळे, आजूबाजूला सगळीकडे चिकटलेले छर्रे, आणि ज्या दोन पट्ट्या जोडल्या होत्या त्या हातानं ओढल्या तर टक्कन सुटून आल्या. आज आठ महिन्यांनी तेच मशीन गोठ्यात भिंतीला टांगलंय आणि कुणी मागितलं तर मी देत नाही. मधे काय झालं ते लिहितो, कारण घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यात सगळ्यांनी लोखंडी स्टूल नाहीतर गेट बनवलेलं, जुन्या गाडीचा सडका पातळ पत्रा कुणीच जोडला नव्हता.

मशीन म्हणजे सिंगल फेजवर चालणारं इन्व्हर्टर टाइप मिग. मिगमध्ये वायर आपोआप पुढं येते आणि वितळून जोड भरते, वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवायला गॅस लागतो, पण हे सिलेंडर न लावता फ्लक्स (तेच काम करणारी पावडर) भरलेल्या वायरवर चालतं. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण हेच लाल-काळं खोकं चार वेगवेगळ्या स्टिकरखाली विकलं जातंय, नॉब तेच, हँडल तेच, मॅन्युअलमधल्या स्पेलिंगच्या चुकासुद्धा त्याच. मला साडेअकरा हजाराला पडलं. सोबत टॉर्च (जिच्या तोंडातून वायर बाहेर येते ती वेल्डिंगची बंदूक), अर्थचा क्लॅम्प, हातात धरायची काळी काच, एक खेळण्यातला वाटावा असा हातोडा-ब्रश आणि एक किलोचं वायरचं रीळ. डब्यावर २०० अँपिअर लिहिलंय ते मनावर घेऊ नका, घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर २०० कुठून येणार, आणि जीपच्या पत्र्याला आपल्याला लागतात ५०-६०.

आता जीप. १९७३ ची महिंद्रा सीजे-३बी, उंच बॉनेटवाली, काकांची. हे बॉनेट शोभेसाठी उंच नाहीये बरं का. विलीज या मूळ अमेरिकन कंपनीनं १९५३ मध्ये या मॉडेलला हरिकेन नावाचं २.२ लिटरचं इंजिन बसवलं, त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिनची उंची वाढली, जुन्या बॉनेटखाली मावेना, मग काय, बॉनेटच वर उचललं. अमेरिकेत ती १९६८ ला बंद पडली पण आपल्याकडे महिंद्रा पुढंही कितीतरी वर्षं बनवत राहिली, म्हणून तर आपल्या गावागावात ती दिसायची. काकांनी हिच्यातून दुधाचे कॅन नेले, खताची पोती नेली, दोन नवऱ्या मुली आणल्या आणि एकदा आजारी रेडकू मांडीवर घेऊन डॉक्टरकडे गेले. मग १४ वर्षं ती भोरच्या घरी गोठ्यात उभी. भोरचा पाऊस ज्यांना माहितीये त्यांना पुढचं सांगायला नको. ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली तर मॅटला चिकटून निम्मं फ्लोअर वर आलं आणि खाली गोठ्यातली कोंबडी दिसली.

पुण्यात दोन गॅरेजवाल्यांना फोटो दाखवले. दोघांचं म्हणणं एकच, बॉडी टाकून द्या, नवी बसवा. ते खोटं नाहीये, हरियाणात मंडी डबवालीला अख्ख्या जीपच्या जीप नव्यानं बनवून मिळतात, बॉडी तर किरकोळ गोष्ट. पण आमची अडचण वेगळी होती. २०२१ पासून केंद्र सरकारचा व्हिंटेज गाड्यांचा नियम आलाय, ५० वर्षांच्या वरची गाडी व्हिंटेज म्हणून रजिस्टर करता येते, पाटीवर व्हीए अशी अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी शेल, इंजिन यात मोठा फेरफार नको. अशी नोंदवलेली गाडी रोज भाजी आणायला वापरता येत नाही हेही खरं, रॅलीला, प्रदर्शनाला वगैरेच न्यायची. आम्ही नोंदवू न नोंदवू तो पुढचा विषय, पण जी बॉडी ५० वर्षं टिकली ती मी भंगारात टाकून वर सरकारी कागदावर ओरिजिनल म्हणून सही करू, हे मला पटेना. काकांना तर त्याहून पटेना, ते म्हणाले, "अरे डाव्या बाजूला जो पोचा आहे ना, तो तुझ्या बापानं पाडलाय, तो नव्या बॉडीला कुठून आणणार?"

म्हणून मशीन.

तर पहिल्या संध्याकाळचे गोळे. दोन दिवस डोकं खाजवलं, वायरला नावं ठेवली, विक्रेत्याला मेसेज टाकला, त्याचं उत्तर 'सर किंडली चेक युवर कनेक्शन'. आणि खरोखर कनेक्शनच होतं! गॅसवर साधी वायर चालवताना टॉर्च प्लसला आणि अर्थ मायनसला लागतो, फ्लक्सच्या वायरला बरोब्बर उलटं, टॉर्च मायनसला, अर्थ प्लसला. फॅक्टरीतून मशीन गॅसच्या जोडणीत आलेलं, खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात गॅसलेस. मॅन्युअलमध्ये हे आहे, पान उलटून पाठीमागे, मुंगीच्या अक्षरात. आतलं दार उघडायचं, दोन नट ढिले करायचे, वायरी अदलाबदल करायच्या, तीन मिनिटांचं काम. त्यानंतर पहिला टाका मारला तेव्हा आवाजच बदलला, आधी फुटाणे फुटत होते, आता कढईत कांदा टाकल्यावर येतो तसा सलग चर्रर्र. हा आवाज आला की समजा सेटिंग बसलं. ऑनलाइन एक स्टार देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हे दार उघडलंच नसणार, पैज लावतो.

दुसरी गोष्ट रोलर. वायर पुढं ढकलणारं जे चाक असतं त्याला दोन खाचा असतात, गुळगुळीत खाच साध्या वायरसाठी, दातेरी खाच फ्लक्सवाल्या वायरसाठी, कारण फ्लक्सची वायर आतून पोकळ, म्हणजे पावडर भरलेली, ती गुळगुळीत खाचेत घसरते आणि मग माणूस वरचा दाब वाढवतो आणि वायर चेपते. माझ्या मशीनला चाक बरोबर होतं पण उलटं बसवलेलं. ०.८ मिलिमीटरची वायर, टॉर्चच्या तोंडाला ०.८ चीच टिप, आणि टिपा दहाचं पाकीट आधीच आणून ठेवा, बोहरी आळीत स्वस्त मिळतात, शिकताना दिवसाला एक जाते.

वीज हा गावाकडचा मोठा प्रश्न. पुण्यात पार्किंगमध्ये ट्रायल घेतली तेव्हा मशीन गोड चाललं, भोरला नेलं आणि संध्याकाळी दिवा पिवळा, आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, उठतोय आणि विझतोय. मीटर लावला तर १८० व्होल्ट. त्यात मी वापरत होतो घरातली गणपतीच्या माळेची एक्स्टेंशन, ती इतकी गरम झाली की बायको म्हणाली त्यावर पापड भाजू. तपकीर गल्लीतून ४ चौरस मिलिमीटरची वायर २० मीटर आणली, टोकाला १६ अँपिअरचं दणकट सॉकेट, आणि काम सकाळी करायचं, शेजारच्या मोटारी सुरू व्हायच्या आधी. एवढ्यानं नव्वद टक्के त्रास गेला. मशीनमध्ये यात खोट नाही, पण विकणाऱ्यानं 'घरच्या सॉकेटवर आरामात' लिहिलंय ते पुण्या-मुंबईतलं घर धरून.

काचेबद्दल बोलतो. सोबत येणारी हातातली काच फेकून द्या, एका हातात काच, एका हातात टॉर्च, मग पत्रा कोण धरणार? आपोआप काळं होणारं हेल्मेट वेगळं घ्या, मला सोळाशेला मिळालं, शेड, म्हणजे काचेचा काळेपणा, ११ वर ठेवतो. आणि प्रेक्षकांना लांब ठेवा. पुतण्या दुसऱ्या दिवशी दाराआडून बघत होता, रात्री दोन वाजता डोळ्यात वाळू गेल्यासारखा रडायला लागला. वेल्डिंग लागलं. आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बटाट्याबद्दल जे ऐकवलं ते मला ऐकवलं, आईला नाही.

फ्लोअर. मूळ पत्रा साधारण १८ गेज, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या अलीकडे. पहिली चूक मी केली ती रेडिमेड फ्लोअर मागवायची, लांबच्या एका दुकानातून, नाव देत नाही. फोटोत उभे-आडवे उठाव एकदम ओरिजिनलसारखे, हातात आलं तेव्हा एका बाजूला पाऊण इंच कमी, उठाव सरळ रेषेत नाहीत, आणि पत्रा अंगठ्यानं दाबला तर टुक-टुक वाजणारा. परत घेणार का विचारलं तर म्हणे जीप मोजून घ्या, जीपच वाकडी असेल. मग भवानी पेठेतून १८ गेजचा सीआर, म्हणजे जस्त न चढवलेला साधा पत्रा घेतला, बेंडिंगवाल्याकडून कडा वाकवून आणल्या, आणि उठाव? ते सपाट सोडले. प्युअर लोक शिव्या देतील, देऊ देत, वरून मॅट येते. जीआय पत्रा मात्र स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, त्यावरचं जस्त वेल्डिंगला जळतं, पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. रंग आणि डांबर जळलं तरी धूर वाईटच, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच चकचकीत लोखंड दिसेपर्यंत ग्राइंडर. माझ्या आठ महिन्यांतले पाच ग्राइंडरचे आहेत. वेल्डिंगचे एकूण तास मोजले तर चाळीससुद्धा भरणार नाहीत.

कापायच्या आधी दोन कामं केलीच पाहिजेत. एक, टाकी. या जीपची पेट्रोलची टाकी सीटखाली, बॉडीतच बसलेली असते, बाहेर लांब कुठंतरी नाही. ती काढून, झाकण लावून, पार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक. बॅटरीच्या वायरी पण सोडवा. दोन, आधार. दाराच्या मोकळ्या जागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत अँगल टाक्यांनी जोडून घ्यायचा, नाहीतर सडकं फ्लोअर कापल्या क्षणी बॉडी उघडी पडलेल्या खोक्यासारखी फाकते आणि मग नवं फ्लोअर कुठंच बसत नाही. हे मला गॅरेजमधल्या पोरानं फुकट सांगितलं, त्याचे आभार.

फ्लोअरच्या खाली टोपीच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या असतात, त्याच मजबुती देतात आणि त्याच गाडी खातात. चाकाचा चिखल आत भरतो, आतून वाळत नाही, आणि वरून फ्लोअर छान दिसत असताना पट्टी आतून संपलेली. आमच्या चारपैकी तीन पट्ट्या स्क्रूड्रायव्हर घातला तर आरपार. एकीतून उंदराचं घरटं निघालं, त्यात १९९१ सालची एसटीची तिकिटं. नव्या पट्ट्या १६ गेजच्या बनवून घेतल्या, म्हणजे दीड मिलिमीटरच्या वर, आणि इथं हे मशीन खरंच सुखावतं. जाड पट्टीला पातळ पत्रा जोडायचा, आर्क जाड भागावर धरायचा, पातळाला नुसता स्पर्श. वाऱ्याचा त्रास नाही, गॅस उडायची भीती नाही, जीप उघड्यावर, मी खाली पाठीवर, आणि टाका पक्का. फक्त खाली झोपून करणार असाल तर शर्टाची वरची गुंडी लावा. मी लावली नव्हती. डाग अजून आहे.

पण सव्वा मिलिमीटरला सव्वा मिलिमीटर, टोकाला टोक, तिथं या मशीनचा स्वभाव कळतो. सलग रेघ ओढायचा विचारसुद्धा करायचा नाही, दोन सेकंदांत भोक. एक टाका, सोडा, एकदम दुसऱ्या टोकाला दुसरा टाका, मग मधे, मग परत इकडे, बोट लावता येईल एवढं गार होऊ द्यायचं आणि मगच शेजारचा. वाकळ शिवायला बसल्यासारखं वाटतं. दीड फुटाच्या जोडाला मला दोन तास लागले. आणि भोक पडलंच तर मागून तांब्याची पट्टी दाबून धरायची, वेल्डिंग तांब्याला चिकटत नाही, भोक भरतं आणि पट्टी मोकळी सुटते. ही पट्टी मी तांबट आळीत मागितली. कशाला पाहिजे विचारलं, जीपला म्हटलं, तर आजोबा हसले आणि ३ मिलिमीटरचा एक तुकडा वजनावर दिला. आख्ख्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी खरेदी ती.

वायरबद्दल एक. फ्लक्सच्या वायरनं जोडावर राखाडी कवच बसतं. ते प्रत्येक टाक्यानंतर ठोकून, ब्रश मारून काढायचं, नाहीतर पुढचा टाका त्यावर बसतो आणि आत पोकळी. खाचेत राहिलेलं कवच रंगाखाली गेलं तर काही महिन्यांत रंग फुगतो. आणि पावसाळ्यात रीळ मशीनमध्ये ठेवू नका! मी जुलैत महिनाभर ठेवलं, वायरवर लाली चढली आणि टाके स्पंजसारखे यायला लागले, अख्खं रीळ वाया. आता रीळ काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या.

आता ज्यासाठी मी एक स्टार कापतोय ती गोष्ट. फ्लोअर झालं, खालच्या पट्ट्या झाल्या, मला वाटलं मी मेस्त्री झालो, आणि मी बाहेरच्या बाजूला हात घातला. मागच्या चाकाच्या वरची डावी बाजू, तळहाताएवढा सडका भाग, कापला, तुकडा बसवला, टाके मारत गेलो. संध्याकाळी उजेड तिरका पडला तेव्हा दिसलं, तुकड्याभोवती हातभर पत्र्याला पोट आलंय. दाबलं की आत, सोडलं की बाहेर, टुक-टुक. फ्लक्सच्या वायरची उष्णता जास्तच, आणि मी शेवटी शेवटी कंटाळून दोन-दोन टाके सलग मारले होते. फ्लोअरला हे खपतं, तिथं कोण बघतंय. सपाट, मोठ्या, बाहेरून दिसणाऱ्या पत्र्याला खपत नाही.

मग नाना पेठेच्या बाजूला पूर्वी ज्यांचं दुकान होतं असे सत्तरीचे मेस्त्री काकांच्या ओळखीनं रविवारी आले. हातात एक हातोडी, एक डॉली (पत्र्याला मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा), एक ओलं फडकं. पोटाच्या बरोबर मधे गॅसच्या बारीक ज्योतीनं रुपयाएवढा ठिपका लाल केला, मागून डॉली धरली, ठिपक्याच्या कडेकडेनं आत येत हलकेच ठोकलं, चार-पाच ठोके, आणि ओलं फडकं दाबलं. चुस्स. पत्रा आक्रसला. असे सहा ठिपके, प्रत्येक वेळी तळहात पालथा फिरवून बघायचं. मी म्हटलं मेस्त्री, डोळ्यांनी दिसतंय की, तर म्हणाले, "साहेब, डोळा रंग बघतो, पत्रा हाताला कळतो." चाळीस मिनिटांत पोट गेलं. मी पैसे विचारले, ते मशीनकडे बघत म्हणाले, ह्याला बाटला लावा आधी.

बाटला, म्हणजे गॅसचा सिलेंडर, लावला. या मशीनला मागं गॅसचं नळीचं कनेक्शन आहेच, म्हणजे नाव गॅसलेस असलं तरी दोन्ही चालतं, घेताना हे नक्की बघून घ्या कारण काही मॉडेलना ते नसतं. आर्गॉन आणि सीओटूचं मिश्रण, साधी वायर, रोलर गुळगुळीत खाचेवर, आणि वायरी परत अदलाबदल, ते विसरलात तर परत कबुतरं. बाटल्याचं डिपॉझिट आणि रेग्युलेटर मिळून निम्म्या मशीनएवढा खर्च झाला, तो रिव्ह्यूत कुणी सांगत नाही. पण फरक असा की तेच मशीन, तोच हात, आणि टाके छोटे, चपटे, कवच नाही, छर्रे नाहीत, घासायला निम्मा वेळ. उजवी बाजू मी गॅसवर केली आणि तिला फक्त एका जागी किंचित पोट आलं. म्हणून माझं मत असं, खालच्या कामाला, जाड पट्ट्यांना, उघड्यावरच्या कामाला फ्लक्सची वायर मस्त. बाहेरच्या पत्र्याला गॅसच. दोन्ही एका मशीनमध्ये होतात यासाठीच ते घ्यावं, नुसतं गॅसलेसवर अख्खी गाडी करू म्हणाल तर नाही होणार. होईल, पण मग लांबी, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरत बसाल. एक-दोन मिलिमीटर लांबी सगळ्याच गाड्यांना असते, त्यात लाज नाही, पण काही जीपवर मी बोटभर लांबी पाहिलीये, पहिल्या खड्ड्यात पोपडा निघतो.

गंजाबद्दल थोडक्यात, कारण तो या मशीनचा विषय नाही पण त्याच्याशिवाय मशीन वाया. सुट्या छोट्या वस्तू, बिजागऱ्या, ब्रॅकेट, बॉनेटचे हूक, हे सगळं बादलीत धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, बॅटरी चार्जरचा मायनस वस्तूला, प्लस सळईच्या तुकड्याला, रात्रभर. सकाळी काळं पडलेलं निघतं, ब्रश मारला की स्वच्छ. उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो, आणि सळईऐवजी स्टीलचा चमचा-पळी वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. मोठ्या पत्र्याला फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर ठीक, पण जिथं एपॉक्सी प्रायमर लावणार तिथं ॲसिड धुऊन, वाळवून, परत एकदा घासून घ्या, त्यावरच एपॉक्सी मारलं तर धरत नाही. आणि जूनमध्ये उघडं लोखंड एक रात्रही सोडायचं नाही. मी सोडलं, शनिवारी चकचकीत केलेलं फ्लोअर रविवारी सकाळी हळद लावल्यासारखं पिवळं. नुसता रेड ऑक्साइड मारून पावसाळा काढू असंही नको, तो पाणी पितो.

हिशोब हवाय म्हणून, मशीन साडेअकरा, हेल्मेट सोळाशे, वायर आणि सॉकेट धरून तीन, गॅसचं प्रकरण सहाच्या पुढं, रिळं, डिस्क, टिपा, ब्रश मिळून चारेक हजार. रेडिमेड फ्लोअरचे पैसे मी यात धरत नाही, मनाला त्रास होतो. सगळं मिळून त्या दोन गॅरेजपैकी स्वस्तवाल्याच्या कोटेशनच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत. वेळ धरला तर अर्थातच गॅरेज स्वस्त, आठ महिन्यांचे सगळे शनिवार-रविवार गेलेत आणि बायकोनं त्याचं वेगळं रजिस्टर ठेवलंय.

मशीन स्वतः कसं टिकलं? एकदाही बंद पडलं नाही. टाक्या-टाक्यानं काम असल्यामुळे ते कधी तापलंच नाही, साठ टक्के ड्युटी सायकल लिहिलंय, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं चालवा, पत्र्याच्या कामात तुम्ही दहा मिनिटांत एक मिनिटसुद्धा चालवत नाही. पंखा सारखा ओरडतो. अर्थचा क्लॅम्प पत्र्याचाच होता, महिन्यात ढिला पडला, पितळी आणून लावला, तेव्हापासून आर्क आणखी सुधारला. टॉर्चची वायर तीनच मीटर, म्हणजे मशीन जीपभोवती ओढत फिरवायचं, मी खाली खुर्चीची चाकं लावली. अँपिअरचा नॉब आणि डिस्प्लेवरचा आकडा यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, आवाज ऐकायचा. पाचपैकी चार. पहिल्यांदाच वेल्डिंग करणार असाल तर जीपला हात लावायच्या आधी निदान एक रीळ भंगार पत्र्यावर संपवा, तोच पत्रा, तीच जाडी.

गेल्या रविवारी फ्लोअरच्या सगळ्या जोडांना सीलंट भरून, प्रायमर मारून मी काकांना बोलावलं. काकांनी आधी गुडघ्यावर बसून खालून बघितलं, पट्ट्या ठोकून बघितल्या, डाव्या बाजूच्या त्या पोच्यावरून हात फिरवला, तो आहे तसाच ठेवलाय. मग काही न बोलता विहिरीवरून बादली भरून आणली आणि फ्लोअरमध्ये ओतली. आम्ही दोघं खाली वाकून बघतोय, एक थेंब नाही. पाच मिनिटं झाली, थेंब नाही. माझी छाती फुगलेली. काका म्हणाले, "चांगलं झालंय. आता हे पाणी जायचं कुठनं?"

मूळ फ्लोअरला पाणी काढायला दोन भोकं होती, बूच लावलेली. नव्या पत्र्यात मी ती पाडलीच नव्हती, आणि जुन्या फ्लोअरच्या उरलेल्या कडेला जे अर्धं भोक शिल्लक होतं ते मी गंजाचं समजून तांब्याची पट्टी लावून फार निगुतीनं भरलं होतं, दोन तास घालवून. मगानं पाणी उपसलं, ड्रिल शोधलं, तोवर लाइट गेली.